सोलापूरच्या फुफाट्यात साइड-बाय-साइड: गाडी घेण्यापासून पट्टा बदलण्यापर्यंत

जुनी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी शेजारी दोन सीटची रानातली गाडी, बघायला गेलात तर सीटचा रंग, टायरची नक्षी, छपरावरच्या दिव्यांची रांग हे सगळं नंतर बघा. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ निघालं तर पुढची बोलणी करा. बोटाला मऊ, पिठासारखी माती लागली तर हात पुसा, चहा प्या आणि घरी या.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडी एका हाकेत सुरू व्हायची, आवाज सुरेख होता, फिल्टर तर नवा कोरा होता. पण फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल होता. फिल्टरला वळसा घालून माळावरची धूळ सरळ इंजिनात जात होती. सहा महिन्यांत निळा धूर, दर फेरीला ऑइल कमी. उघडलं तेव्हा पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या होत्या आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. खर्च सांगत नाही, पण त्या पैशात एक चांगली बैलजोडी आली असती.

आपल्याकडे पाऊस बेताचा, ऊन भरपूर आणि माती दोन तऱ्हेची. माळावर मुरूम, सखल भागात काळी. मुरमाचा उन्हाळ्यात फुफाटा होतो, काळीचा पावसाळ्यात चिखल. या गाड्या बनवणाऱ्यांनी दिलेलं देखभालीचं वेळापत्रक साधारण वापराचं असतं. धुळीच्या जागी ते निम्म्यावर आणा, असं त्याच पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सोलापुरात सगळीच जागा धुळीची. म्हणून या लेखात जे जे सांगणार आहे ते फिरून फिरून धुळीवरच येईल.

ही गाडी म्हणजे नेमकं काय

चार चाकांची, शेजारी शेजारी दोन सीटची, स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल असलेली, डोक्यावर पाइपचा पिंजरा असलेली रानातली गाडी. घोड्यासारखं टांग टाकून बसायची आणि हँडलने वळवायची ती एटीव्ही, ती वेगळी. आपल्याकडे दोन्हींना सरसकट बग्गी म्हणतात. साइड-बाय-साइडमध्येही दोन जाती आहेत: मागे हौदा असलेली कामाची, आणि लांब शॉकॉबची, फिरायची. पोलॅरिसची रेंजर पहिल्या जातीतली, आरझेडआर दुसऱ्या. शेतावर चारा, पाइप, खताची पोती न्यायची असतील आणि रविवारी माळावर फिरायचं असेल तर कामाची घ्या. माझं मत विचाराल तर नवख्याने तीच घ्यावी. सस्पेन्शन कमी, वेग कमी, म्हणून उलटण्याची धास्तीही कमी.

गाडीआधी जागा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवायला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३९ मनाई करतं, आणि या जातीच्या बहुतेक गाड्या रस्त्यासाठी नोंदवल्याच जात नाहीत. हॉर्न, आरसे, इंडिकेटर बसवले म्हणजे गाडी रस्त्याची झाली असं नाही. होटगी रोडवर रात्री अकराला एक चक्कर मारू, कोण बघतंय, हा विचार मनातून काढा. रस्त्यावर काही घडलं तर विमा नाही, आणि समोरच्या माणसाच्या नुकसानीची भरपाई तुमच्या घरातून जाईल. गावची पाणंद, शीव रस्ता, पालखीचा मार्ग हेही सार्वजनिकच.

म्हणजे तुमची जमीन, नाहीतर भावकीतल्या कुणाची परवानगीने. पाच-सात एकराचा मुरमाड माळ असला तरी दीड-दोन किलोमीटरची सुंदर वाट आखता येते. फक्त 'पडीक माळ आहे, कुठूनही घाला' असं म्हणू नका. सोलापूरचा माळ रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच गवताळ माळावर. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. टिटवी, धाविक, चंडोल यांचीही घरटी जमिनीवरच असतात, आणि टिटवीची अंडी तर खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. काळवीट दिसलं की गाडी थांबवा, इंजिन बंद करा. त्याच्या मागे गाडी घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि नुसती भीती घालून पळवणंही त्यात येतं. एकच वाट ठेवा, तीच पक्की करा, उन्हाळ्यात वाटेबाहेरच्या गवतात चाक घालू नका.

वाट आखायची ती पायी चालून. आमच्या भागात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशिनच्या तारा आहेत. गवत वाढलं की यातलं काहीच गाडीतून दिसत नाही. विहिरीभोवती दहा-पंधरा पावलांवर दगडांना चुना मारून ठेवा. डाळिंबाच्या बागेशेजारून जायचं असेल तर ठिबकच्या नळ्या कुठवर आल्यात ते बघा. नळी अॅक्सलला गुंडाळली की आधी बागेचं नुकसान होतं, मग अॅक्सलच्या जॉइंटवर असलेलं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटतो, आणि बूट फाटला की काय होतं ते पुढे येईलच.

जुनी गाडी तपासताना

बोट फिरवून झालं. आता इंजिनाला हात लावून बघा, थंड आहे का. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंडपणी सुरू होताना येणारा त्रास लपतो. थंड नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

मग मीटर. या गाड्यांवर किलोमीटरबरोबर तासांचंही मीटर असतं. किलोमीटरला तासांनी भागा. २०० तासांत १,५०० किलोमीटर म्हणजे ताशी साडेसात. एवढा कमी आकडा आला तर गाडी बराच वेळ उभी राहून नाहीतर रांगत चाललेली आहे. शेतावर किंवा रिसॉर्टवर राबलेल्या गाडीत असं दिसतं. म्हणून ती वाईट ठरत नाही, पण तिचं ऑइल किलोमीटरवर बदललंय की तासांवर, हे जरूर विचारा.

जॅक लावून एकेक चाक उचला. वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात धरून हलवा. खडखड झाली तर चाकाचं बेरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. तिथे ढिलाई असेल तर टाय रॉडचा जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घ्या. कट-कट-कट आवाज आला तर अॅक्सलचा जॉइंट संपला. चेसिसला चाकं धरणारे आर्म जिथे जोडलेत तिथले वेल्ड चिंधीने पुसून टॉर्चने बघा. भेग गेलेली असली की रंगावर बारीक तांबूस रेघ दिसते.

कागद बघा. मूळ बिल, आयातीचे कागद, आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवून. जुळला नाही तर किंमत कितीही कमी असो, नको.

शेवटी नेण्याची सोय. फिरायच्या मोठ्या गाड्या ६४ इंच किंवा जास्त रुंद असतात, ५० इंचीही मिळतात. छोटा हत्तीत मोठी बसत नाही. पिकअपचा हौदा आतून टेपने मोजा, फाळका उघडा ठेवावा लागेल का ते बघा, आणि चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे लावल्याशिवाय निघू नका.

फिल्टर

दर फेरीनंतर उघडा. महिन्याने नाही, दर फेरीनंतर.

पण उघडण्याआधी बाहेरून फिल्टरचा डबा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकणावरची धूळ आत पडते. फिल्टर काढला की नळीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घाला. घरी जुना टर्किश टॉवेल असतोच, पण त्याचे धागे सुटतात, म्हणून जुनं धोतर किंवा बनियन घ्या. डबा आतून पुसा. कागदी फिल्टर असेल तर हलकेच आपटून धूळ झाडा, पंक्चरवाल्याकडची जोराची हवा मारू नका. कागदाला सुईएवढं छिद्र पडलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही, धूळ मात्र आरपार जाते. मी कागदी फिल्टर दोनदा झाडतो, तिसऱ्यांदा नवा टाकतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा, मग फोमसाठी मिळणारं चिकट फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं चोळा. कोरडा फोम म्हणजे चाळणी. पेट्रोलने धुतलात तर फोमचे सांधे सुटतात.

परत बसवताना फिल्टरच्या रबरी ओठावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा त्या ग्रीसवर धूळ कुठवर आली ते दिसेल. ओठाच्या बाहेर धूळ अडकली तर ठीक, आतल्या बाजूला दिसली तर फिल्टर नीट बसत नाही. नळीचे सगळे क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हरने तपासा. ही शेवटची ओळ मी सहा महिने आणि एक इंजिन देऊन शिकलो.

दोन गाड्या असतील तर पुढच्या गाडीचा फुफाटा खाली बसू द्या, मग निघा. एकमेकांच्या मागे चिकटून चालवण्यात मागच्या गाडीचा फिल्टर आणि मागच्या माणसाची छाती दोन्ही भरतात.

पट्टा

बहुतेक साइड-बाय-साइडमध्ये चालता चालता गिअर बदलायचे नसतात, फक्त वेगाचा हाय की ओढीचा लो एवढंच निवडायचं असतं. इंजिनाला एक चाकी, गिअरबॉक्सला दुसरी, मध्ये रबराचा रुंद पट्टा. वेगाप्रमाणे एक चाकी मिटते, दुसरी उघडते, पट्टा वरखाली होतो. गिरणीचा पट्टा पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजतं. फरक इतकाच की हा बंद डब्यात आहे आणि त्याला गार ठेवायला डब्यात हवा खेळती लागते. होंडाच्या टॅलॉनमध्ये पट्टा नाही, ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, आणि यामाहाच्या वायएक्सझेडमध्ये गिअर असतात. ज्याला पट्ट्याची कटकट नको त्याने त्या बघाव्यात.

पट्टा मरतो उष्णतेने. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा तो आधीच अर्धा भाजलेला असतो. त्यात आपण हाय गिअरमध्ये चढ चढवतो, हायमध्येच पिकअपवर चढवतो, अडकलेली ट्रॉलीही हायमध्येच ओढतो. अशा वेळी पट्टा फिरण्याऐवजी घसरतो, आणि घसरला की जळतो. म्हणून नियम: हळू चालायचं असेल, चढ असेल, ओढायचं असेल, गाडी पिकअपवर चढवायची असेल तर लो. बांध ओलांडतानाही लो. शंका आली तरी लो. आणि अॅक्सिलेटर चोरून, पाऊण इंच दाबत चालवू नका. निघताना एकदा ठाम दाबा, म्हणजे चाकी पट्ट्याला घट्ट धरते.

जळक्या रबराचा वास आला, इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, असं झालं की लगेच थांबा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, डब्यात हवा फिरू दे. पाच-दहा मिनिटांत वास गेला तर लोमध्ये हळू घरी.

पट्टा बदलणं घरी, सावलीत, सावकाश एकदा शिकून घ्या. माळावर पहिल्यांदा करायला जाल तर टोचन करून आणावी लागेल. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड. डबा थंड होऊ द्या. झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने झाडा. झाकणाचे स्क्रू लांबीला वेगवेगळे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. मागची चाकी उघडायला गाडीबरोबर आलेलं छोटं हत्यार असतं, ते घालून फिरवलं की चाकीच्या दोन थाळ्या फाकतात आणि पट्टा सैल पडतो. आधी मागच्या चाकीवरून काढा, मग पुढच्या.

जुना पट्टा टाकून देऊ नका, आधी वाचा. एका जागी काळा चकचकीत चट्टा म्हणजे गाडी अडकली असताना अॅक्सिलेटर दाबून धरला होता. दोन्ही कडा सगळीकडून चकचकीत म्हणजे हायमध्ये ओझं. एक कड जास्त झिजलेली म्हणजे चाक्या एका रेषेत नाहीत किंवा इंजिनाच्या माउंटचं रबर बसलंय. तुकडे झाले असतील तर सगळे मोजून बाहेर काढा. पट्ट्यातले दोरे चाकीच्या मागे शाफ्टला गुंडाळले जातात आणि ऑइल सील कापतात. चिमट्याने ओढून काढा.

थाळ्यांवर रबराची काळी पूड असते. कोरडी हवा मारा, तोंडाला मास्क लावून. मग हिरव्या घासणीने हलक्या हाताने थाळ्या घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. ग्रीस, ऑइल, डिझेलचं बोट या थाळ्यांना लागता कामा नये. नवा पट्टा लावताना त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवा. आधी पुढच्या चाकीत, मग मागच्या. हत्यार काढायला विसरू नका. मागची चाकी हाताने पंधरा-वीस वेळा फिरवा, म्हणजे पट्टा वर येऊन कडेला बसतो. झाकण लावताना रबरी गॅस्केट खाचेत पूर्ण बसलंय ना ते बोटाने तपासा, नाहीतर धूळ आणि पाणी दोन्ही आत.

नव्या पट्ट्यावर पहिले ५० ते ८० किलोमीटर दया दाखवा. पूर्ण अॅक्सिलेटर नाही, ओढणं नाही, एकाच वेगाने लांबवर चालवणं नाही. असा मुरवलेला पट्टा काढून जवळ राखीव ठेवला तर आणखी बरं, कारण माळावर बदलायची वेळ आली तर मुरवायला सवड नसते.

टायर आणि वेडी बाभूळ

वेड्या बाभळीचा काटा चार पदरी टायर सहज पार करतो. माझ्या मते आपल्याकडे पहिली खर्चाची सुधारणा आठ पदरी टायरची, आकार मूळचाच ठेवून. हवा साधारण १२ ते १५ पीएसआय, नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. पंक्चरवाला सवयीने तीस भरतो, म्हणून शेजारी उभं राहून सांगा, आणि स्वतःचं मीटर ठेवा. सकाळी, टायर थंड असताना मोजा. ट्यूबलेस दोरीचा किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत असावाच.

रिम बदलणार असाल तर बोल्टच्या खुणा बघा. पोलॅरिसच्या बहुतेक मॉडेलना ४/१५६ लागतं, म्हणजे १५६ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट; कॅन-अॅम कंपनीच्या गाड्यांना ४/१३७. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. चाक बसवल्यावर नट टॉर्क पान्ह्याने घट्ट करा आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासा.

मोठ्या टायरचा मोह आवरा. २७ इंचावरून ३० वर गेलात की गाडी उंच दिसते, फोटो छान येतो, पण पट्ट्यावर आणि अॅक्सलवर ताण वाढतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, आणि क्लचचं, म्हणजे पट्ट्याच्या चाक्यांचं, वजन-स्प्रिंग बदलल्याशिवाय ओढ राहत नाही. खोल नक्षीचे चिखलाचे टायर तर इथे वायाच. काळ्या मातीत ते दोन फेऱ्यांत लिंपून गुळगुळीत होतात, मुरमावर लवकर झिजतात. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घालायचीच नाही. वापसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही, मग गाडी कशी घालणार? ओल्या काळीत पडलेली चाकोरी पुढच्या पेरणीपर्यंत राहते.

सुधारणा कुठल्या क्रमाने

आधी माणूस वाचवणाऱ्या. चांगलं हेल्मेट, चार पट्ट्यांचा सीट बेल्ट, दारं किंवा जाळ्या. गाडी कलंडायला लागली की माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर टेकवतो, आणि पिंजऱ्याचा पाइप त्याच हातावर येतो. जाळी असली की हात बाहेर जाऊ शकत नाही. पंचा, ओढणी, पदर यांतलं काहीही मोकळं नको. पाठ सीटला टेकून बसल्यावर ज्या मुलाचे पाय खाली पुरत नाहीत त्याला बसवू नका, मग ते कितीही रडो. मोठ्या गाड्यांवर चालकाचं वय किमान १६ असावं असं कंपन्या गाडीवरच लिहितात. घरच्या मुलांनाही तेच लावा.

मग गाडीचं पोट. चेसिसखाली जाड प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा पुढून मागेपर्यंत. आर्मच्या खालीही. दगडी बांधावर हे पत्रे पहिल्याच महिन्यात पैसे फेडतात. फक्त महिन्यातून एकदा ते काढून आत साचलेलं गवत आणि माती काढा. गरम सायलेन्सरजवळ सुकं गवत म्हणजे पेटतं सरण.

विंच, म्हणजे दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, नंतर. गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट ओढीची घ्या. ३,५०० किंवा ४,५०० पौंडी विंचा या गाड्यांना सामान्य. तारेपेक्षा सिंथेटिक दोर बरा, तुटला तर तारेसारखा चाबूक मारत नाही. तरीही दोरावर ओलं गोणपाट टाका आणि कुणालाही दोर ओलांडू देऊ नका. माळावर बांधायला झाड नसतं, तर ट्रॅक्टर उभा करा. विजेच्या खांबाला किंवा विहिरीच्या कठड्याला कधीही नाही. विंच चालवताना इंजिन सुरू असू द्या.

दिवे शेवटी. १२० वॉटची दिव्यांची पट्टी १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर ओढते. ती फॅनच्या वायरीतून काढली तर एके दिवशी फॅन बंद पडेल. बॅटरीपासून वेगळी वायर, फ्यूज, रिले. इंजिनाची ताकद वाढवणारं ट्यूनिंग मी या यादीत धरतच नाही. माळावर असलेली ताकद पुरून उरते.

दुरुस्ती: सोलापुरात काय मिळतं

मूळ सुटे भाग बाहेरून येतात आणि वेळ लागतो. म्हणून दोन पट्टे, चार एअर फिल्टर, दोन ऑइल फिल्टर, टाय रॉडचे दोन जॉइंट, रबर बूटचा एक संच आधीच आणून ठेवा. बाकी बरंच शहरात होतं, फक्त कंपनीच्या नावाने मागू नका. बेरिंग काढा, त्यावरचा नंबर पुसून वाचा आणि बेरिंगच्या दुकानात तो नंबर सांगा. ऑइल सीलवर तिन्ही मापं छापलेली असतात. ब्रेकचे पाइप, रेडिएटरचे होज हे मापाने मिळतात.

आणि लेथवाले आहेत. यंत्रमागाचे भाग घडवणारे आपले लेथवाले बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, बनवण्यात हातखंडा आहेत. माझ्या गाडीच्या आर्मचे बुश गेले तेव्हा मी जुना बुश घेऊन एकाकडे गेलो. म्हटलं, "अण्णा, असाच पाहिजे." त्यांनी तो अंगठ्यावर फिरवला, उजेडाकडे धरून आरपार बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवला. "असाच कशाला ओ? हा आतनं अंडाकार झालाय बघा. दांडा आणा. दांड्यावरनं आतलं माप काढतो, आर्मच्या भोकावरनं बाहेरचं." दुसऱ्या दिवशी आर्म आणि दांडा दोन्ही नेले. त्यांनी दांडा तीन ठिकाणी व्हर्नियरने मोजला, मधोमध झीज निघाली, तोही नवा करायला सांगितला. ते बुश अजून घट्ट आहेत. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं की नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि दांडा आवळतो, त्यापेक्षा बुशसाठी डेल्रिन नावाचं कडक प्लास्टिक आणा.

अॅक्सलच्या रबर बूटला चीर दिसली तर गाडी तिथेच थांबवा. आतलं ग्रीस बाहेर उडतं, मुरूम आत शिरतो आणि एका फेरीत जॉइंट दळून निघतो. वेळेत सापडलं तर जॉइंट उघडून रॉकेलने स्वच्छ धुवा, वाळवा, काळं मॉली ग्रीस भरा, नवा बूट आणि नवे क्लॅम्प. जॉइंटमधले छर्रे कुठले कुठे होते ते खूण करून ठेवा.

चेसिसला वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचा जोड काढा. वेल्डिंगवाला गडबडीत असतो, म्हणून हे आपणच करून न्यावं.

गाडी तापत असेल तर आधी रेडिएटर बघा. फिरायच्या बऱ्याच गाड्यांत तो पुढे असतो आणि सगळी माती त्यावर बसते. पाणी मागच्या बाजूने पुढे, कमी दाबाने सोडा. पुढून जोराने मारलं तर माती जाळीत आणखी घट्ट बसते आणि पापुद्रे वाकतात. प्रेशर वॉशर बेरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर धरू नका. ओढ्यातून गेला असाल तर घरी येऊन पट्ट्याच्या डब्याचं खालचं बूच काढा, पाणी जाऊ द्या. डिफरन्शियलचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, त्याच दिवशी बदला.

उन्हाळा आणि पावसाळा

ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चपासून रानं मोकळी होतात, तोच आपला हंगाम. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला निघा, नऊच्या आत परत. माणशी तीन लिटर पाणी, आणि एक डबा वेगळा रेडिएटरसाठी. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी राहणार. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्धी टाकी तशीच ठेवली तर तळाशी पाणी साचून पंप आणि इंजेक्टर गंजतात. गाडीच्या पुस्तकात किती इथेनॉल चालतं ते वाचा, आणि उभी करण्याआधी टाकी शक्य तितकी रिकामी करून उरलेलं चालवून संपवा. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडी विटांवर उचला म्हणजे टायर एका जागी बसत नाहीत.

मग उंदीर. शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा त्यांना फार आवडतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी झाकण उघडलं तर फिल्टरच्या जागी सरकी, कापूस आणि चघळलेल्या वायरींचं एक गुबगुबीत घरटं होतं, आत चार पिल्लं. आता मी हवा घेण्याच्या तोंडाला तारेची बारीक जाळी बांधतो आणि तिचा लाल दोरा स्टिअरिंगला अडकवून ठेवतो, म्हणजे दसऱ्याला गाडी सुरू करण्याआधी ती काढायची आठवण राहते.